दीड इंची

निपाणीत, तंबाखूच्या वखारी संपतात तिथं
जुन्या हायवेला दोन बोर्ड होते.
एक भरमा कणबरकरानं लिहिलेला, एक मी.
मधे चाळीस पावलं.
(नंतर मोजली. तीनदा मोजली.
एकदा एकोणचाळीस भरली.)

दोघंही आम्ही शहापूरच्या इराप्पा बडिगेरांचे चेले.
मास्तर पहिली दोन वर्षं रंग द्यायचे नाहीत.
कडप्प्याची काळी फरशी, बादलीभर पाणी,
झिजलेला ब्रश. लिही ळ.
लिहायचो. दुसरं पोट वळवेस्तोवर पहिलं वाळायचं.
"मराठीत ळ हाय, कन्नडमधी पण हाय," मास्तर म्हणायचे,
"आधी हात कर. भाषा मागनं येतीय."
भरमा दुपारचा सटकायचा,
मारुती गल्लीत सिनेमाची पोस्टरं बघत उभा राहायचा.
मी फरशीवर.
किती ळ वाळले असतील माझे त्या उन्हात.
वाळलेल्याची वही कुणी ठेवत नाही.

मग तो पुण्याचा माणूस. पुस्तकं छापणारा.
गाडीचं मागचं चाक बसलं
ते नेमकं भरमाच्या बोर्डाखाली:
हालसिद्धनाथ खानावळ.
पंक्चर निघेस्तोवर तो मान वर करून उभा.
चहा प्याला, दुसरा मागवला,
आणि गल्ल्यावर विचारलं, हे कुणी लिहिलंय?

तिथनं पुढं चाळीस पावलांवर
गळतगे बी-बियाणे. नऊ दिवस लागलेले मला.
सावलीला तीन रंग,
कन्नड ओळ मराठीच्या खांद्याला खांदा लावून,
सूत धरून बघा, केसभर हलणार नाही.
ते चाक अजून थोडं दमानं घेतं तर.

आता भरमाची अक्षरं कव्हरांवर असतात,
कपाटात, टेबलावर, बायकांच्या मांडीवर.
माझी उन्हात.
ही गोष्ट मी वीस वर्षं चहाच्या गाड्यावर सांगितली.
कुणी म्हणालं, नशीब बे, दुसरं काय.
कुणी म्हणालं, तुझंच कायतरी कमी पडलं.
दोघांच्याही चहाचे पैसे मीच दिले.

एक मात्र सांगितलं नाही.
एकदा संध्याकाळी, ऊन तिरपं असताना,
खानावळीच्या पाटीखाली थांबलो होतो.
माझा ळ बरोबर आहे.
त्याचा पडता पडता राहिलेला.
मी सायकल धरून
तो पडायची वाट बघत होतो बराच वेळ.

यंदा गळतग्यांच्या पोरानं फ्लेक्स लावला.
माझा पत्रा उतरवून दिला, वर म्हणाला, काका, रागावू नका.
पत्रा डोक्यावर घेऊन निघालो,
वाटेत पंक्चरवाल्या दस्तगीरकडं टेकलो.
सहज विचारलं, त्या दिवशी चाकातनं काय निघालं होतं?
"कुठल्या दिवशी?" तो हसला,
आणि डबा उपडा केला समोर.
काचा, तारा, बैलाच्या नालाचा तुकडा.
आणि खिळे. दीड इंची, चपट्या डोक्याचे.

गळतग्यांचा बोर्ड मी दीड इंचीनंच ठोकला होता.
शिडीवरनं उतरताना पिशवी फाटली होती त्या आठवड्यात.
दिसले तेवढे वेचले होते.

सतरा निघाले डब्यात.
एकेक उचलून उजेडात धरला.
खिळ्यावर सही नसते.

चार मागून आणले, दगडावर सरळ केले,
आणि घराच्या भिंतीला पत्रा ठोकायला घेतला.
तेवढ्यात भरमाचा फोन. दिवाळीचा असतोच.
"काय करूलालास बे?"
"काय नाही. खिळे ठोकूलालोय."
"जपून," तो म्हणाला. "खाली पडला तर उचल हं.
कुणाच्यातरी चाकात जातोय."

हातात बघितलं.
तीनच होते.