गोल्फची जागा

हेनिंग साहेब सतराला उतरतायत. सोबत दोघं.
ठेवायचं कुठं?
गेल्या खेपेला हॉटेलचा नळ मधेच कोरडा पडला,
साहेब साबणाच्या तोंडानं पॅसेजमध्ये उभे.
तेव्हापासून ‘पाच दिवसाआड’ हा शब्द
आम्ही पाहुण्यांसमोर काढत नाही.

पुतण्या रविकिरण म्हणतो, काका, त्यांना गोल्फ लागतो.
त्यानं तीन रिसॉर्टची पत्रकं आणलीत,
शेंगाचटणीच्या बरणीखाली दाबून ठेवलीत,
कारण पंखा पाचावर आहे
आणि मार्चातच पारा एकेचाळीसवर.
तिन्हीत तेच गवत.
इतकं हिरवं मी डाईंगच्या पिंपातच पाहिलंय.

मला गोल्फ माहीत आहे तो असा:
सोळा बाय चोवीस, चारशे जीएसएम,
कोपऱ्यात पितळी आयलेट, त्यात हुक.
अकरा वर्षं शिवून धाडतोय.
चेकिंगची नागमणी एकदा म्हणाली,
शेठ, एवढ्या चांगल्या टॉवेलाला भोक कशाला?
म्हटलं, पँटला लटकवतात.
पँटला? मग खांद्याला काय?

पहिल्या रिसॉर्टात तळं आहे, बग्गी आहे,
एका रात्रीचं भाडं म्हणजे आमच्या जॉबरचा महिना.
दुसरं शुद्ध शाकाहारी.
तिसऱ्याचं पत्रक रविकिरणनं उलटं ठेवलेलं:
अठरापैकी नऊच भोकं तयार, बाकीची पुढच्या वर्षी.

मी तिघांना फोन लावला. प्रश्न एकच:
तुमच्या बाथरूममधला टॉवेल किती जीएसएमचा?
पहिली म्हणाली, सर, आमच्याकडे स्पा आहे.
दुसऱ्यानं होल्डवर बासरी लावली.
तिसरीकडे एक पोरगं होतं, बोलण्यावरून बार्शीकडचं.
थांबा की, बघून येतो.
चपला फटफटत गेल्या, फटफटत आल्या.
लेबल कापलंय, काका. पण काठाला एक लाल दोरा हाय.
आन् एक टॉवेल दुसऱ्यापरीस जरा पिवळट.

लाल दोरा आमच्या सहा नंबरच्या मागाचा.
पिवळट म्हणजे तो लॉट,
हेनिंग साहेबांनी खिडकीशी धरून,
चष्मा कपाळावर सारून
परत केलेला. शेड व्हेरिएशन.
चार हजार नग चाटी गल्लीत किलोवर गेले.
त्या दिवाळीला बोनस अर्धाच वाटला,
नागमणीनं पाकीट दोनदा मोजलं
आणि काही न बोलता पिशवीत टाकलं.

मग कुठलं धरू, काका?
नऊ भोकांचं.
अहो, पण अठरा...
नऊ पुरेत. ऊन आहे.
दोन-चार भोकांतच साहेबांना घाम फुटेल,
खोलीत जातील, अंघोळ करतील,
तोंड पुसत बाहेर येतील.
मी दारातच उभा असेन.