खोली

पाथर्डी फाटा, तिसरा मजला, दहा बाय बारा.
खैरनार म्हणाले, मॅडम, एक सांगायचं राहिलं,
डावा डोळा गेला माझा मार्गशीर्षात.
आता खोलीला खोलीच उरली नाही,
सगळं कागदावर छापल्यासारखं.
नोट प्रेसमध्ये तीस वर्षं कडा तपासलेला माणूस
कप ठेवायला गेला
आणि टेबल चार बोटं अलीकडेच संपलं होतं.

मी नकाशा गुंडाळला.
त्यात कपाट, सोफा, शोकेस
शाळेच्या फोटोतल्यासारखे भिंतीला पाठ लावून उभे.

भंवर मिस्त्रीला म्हटलं, सोफा वीतभर पुढे ओढ.
मागे जमिनीवर दिवा.
अलीकडे तिवईवर तांबट गल्लीतला हंडा,
दारातून पाहिलं तर खिडकीची चौकट
थोडी झाकेल असा.
टेबलाच्या कडेला गडद पट्टी.
"जागा वाया चाललीय," मिस्त्री पुटपुटला.
जाऊ दे.

संध्याकाळी खैरनार दारातच थांबले.
हंडा. मग सोफ्याची पाठ, तिच्यामागचा उजेड,
मग चौकट,
आणि चौकटीपलीकडे, खूप मागे,
पांडवलेण्यांचा डोंगर.
गड्डी मोजावी तसं मोजत गेले,
अंगठा जिभेला लावून.
कप टेकवला पट्टीच्या आत.
आवाज झाला नाही.

रात्री माझ्या घरात
एक डोळा झाकून उभी राहिले.
सगळं भिंतीला चिकटलेलं,
आमच्या दोन खुर्च्यासुद्धा.
त्यातली माझी
वीतभर पुढे ओढली.