दोन मुठींची करवत

याला पूल म्हणतात, नदी नसताना.
दोन चिप, अकरा-अकरा पायांच्या,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर उताण्या.
बाहेर येकाबपिल्समध्ये उणे अठरा,
दौगावा गोठून रस्त्यासारखी पडलेली,
आणि मी सोल्डरचा धूर
फुंकर मारून बाजूला सारते आहे.

एकीला सूर जसाच्या तसा द्यायचा,
दुसरीला उलटा करून.
ही वर जाते तेव्हा ती खाली,
आणि स्पीकर दोघींच्या मध्ये,
त्याचं एकही टोक जमिनीला टेकू द्यायचं नाही.
हे मी वहीत तीनदा लिहिलं.

मला आठवते बाबांची करवत,
लांब पात्याची, दोन मुठींची.
एका मुठीला बाबा, दुसरीला आर्वीद्स काका.
नऊ वर्षं दोघांत शब्द नव्हता.
मधमाश्यांच्या सहा पेट्या,
कुणाच्या, ते अजून ठरलेलं नाही.
पण ऑक्टोबर लागला की काका फाटकातून आत येत,
टोपी कुंपणाला अडकवत, आणि मूठ धरत.
एकाने ओढायचं, दुसऱ्याने सोडायचं.
ढकलू नको, पातं वाकतं,
एवढंच बाबा बोलत, तेही लाकडाकडे बघून.

हीटसिंक काढली जुन्या खिडकीच्या चौकटीतून.
चिपच्या पाठीशी अभ्रकाचं पान,
कारण ती पाठ उणे पस्तीस व्होल्टवर असते,
उघड्या धातूला टेकली की संपलं.
पहिली वीज साठ वॅटच्या दिव्यामधून दिली.
दिवा भपकन पेटला,
मग मंद होत होत विझला.
असाच विझायला हवा.
मी चहा टाकला.

चार ओहमचा स्पीकर. दोन मिनिटं झकास.
मग दोघी एकदम गप्प.
चूक माझीच:
मध्ये धरलेलं ओझं प्रत्येकीला अर्धं दिसतं,
आणि या मोजमापात
अर्धं म्हणजे दुप्पट जड.
ओल्या ओकच्या ओंडक्यापाशी
ते दोघेही असेच थांबले होते एकदा,
घाम पुसत, दोन दिशांना बघत.

आठ ओहमचा आणला रेझेक्नेहून,
बसमध्ये मांडीवर घेऊन, बाळासारखा नव्हे,
भोपळ्यासारखा.

रात्री दहाला लावलं.
आवाज असा नव्हताच.
आधी कपाटातल्या बशा बोलल्या,
मग फरशी,
मग बरगड्यांच्या आत कुणीतरी
जड कपाट सरकवावं तसं.
दोघी कोमट. कुणी तक्रार करत नव्हतं.

दारावर थाप.
खालच्या मजल्यावरची स्काइद्रीते, ब्याऐंशीची,
झोपायच्या झग्यावर ओव्हरकोट,
एका हातात मांजराची टोपली,
दुसऱ्यात दोरीने बांधलेली कागदपत्रं.
"बर्फ फुटलं ना नदीचं?
त्या पुराच्या साली असंच वाजलं होतं."

नाही, म्हटलं, पूल बांधलाय.
तिने टेबलाकडे पाहिलं, त्या पसाऱ्याकडे,
"एवढासा?"
आणि बसलीच, कोट न काढता.
मांजर टोपलीतून उतरलं,
खोक्यासमोर फरशीला पोट लावून पसरलं
आणि कान मागे पाडून
वाट बघू लागलं.