साडेचारचा फोन

गंगावेशीत म्हशी येऊन उभ्या राहतात,
चरवीत पहिली धार वाजते,
तेव्हा लीड्समध्ये रात्रीचे अकरा
आणि आफरीन लायब्ररीतनं निघते.

फोन लावते. बोलायचं काही नसतं.
"अब्बा, नुसता चालू ठेवा."
मी चालू ठेवतो.

तिचे बूट वाजतात,
ओल्या फरशीवर एक आवाज, खडीवर दुसरा,
पुलाखालनं जाताना प्रत्येक पाऊल दोनदा.
मग दार.
तिथं किल्ली नाही, कार्ड दाखवायचं,
टीं करून उघडतं.
आपल्या धंद्याचा आवाज नव्हे तो,
पण तो ऐकल्याशिवाय
मला दूध गोड लागत नाही.

आम्ही शिकलगार.
वडलांनी कात्र्या पाजळल्या, मी कानस धरली,
एकतीस वर्षं पापाच्या तिकटीला
चार बाय पाचच्या खोक्यात
लोकांच्या किल्ल्या घासतोय.
जाताना सगळ्यांनी तिला काहीतरी दिलं.
कुणी शिट्टी, कुणी ताईत,
रझियामावशीनं दोन किलो कांदा-लसूण चटणी,
"तोंडाला चव, नाहीतर डोळ्यात फेक."
मी कुलूपवाला,
मलाच काय द्यावं सुचलं नाही.

नोव्हेंबरात म्हणाली,
आतल्या खोलीत आधी राहिलेल्या पोरानं
किल्ली परत केलेलीच नाही,
मालक म्हणतो पुढच्या आठवड्यात बघू.
म्हटलं, मालक घोरत असंल, आपण नको.
एजन्सीला आधी लेखी कळीव, मग फोन दाराकडं धर.
मोबाइलच्या काचेत ते विलायती कुलूप
लाजल्यासारखं हलत होतं.
"बाजूच्या पट्टीवर एकच स्क्रू. काढ.
किल्ली घाल, जराशी डावीकडं.
जोर नको लावू, त्याला वाटलं पाहिजे की आपण होऊन निघतोय."
निघालं.
कोल्हापुरात बसून मी
साता समुद्रापलीकडचं कुलूप काढलं,
तिकटीवर आठवडाभर हेच सांगत होतो.

पण खरं सांगू?
कुलूप सज्जनासाठी असतं.
इथं कुणी किल्ली हरवली म्हणून बोलवायला आलं
तर हत्यार काढण्याआधी मी विचारतो, शेजारी कोण?
शेजाऱ्यानं मान डोलावल्याशिवाय
आजवर एकाही दाराला हात लावलेला नाही.

तिलाही तेच विचारलं.
गप्प बसली.
तीन महिने झाले होते.

मग एका रविवारी
चटणीची वाटी घेऊन समोरचं दार वाजवलं म्हणे.
अबेना. घानाची. हॉस्पिटलात रात्रपाळी करते.
चटणी खाऊन रडली, हसली, अजून मागितली.
तिचा नंबर मला पाठवला,
मी तो वहीत लिहिला, कुलपांच्या नंबरांच्या पानावर.

परवा पुलाखाली फोन तुटला.
दोनदा वाजलेलं पाऊल, आणि मग नुसती पोकळी.
पावणेपाच.
पाच.
बाहेर म्हशीला हाकारलं कुणीतरी,
मला ते शिवी दिल्यासारखं लागलं.
इंग्रजी येत नाही, अक्षरं येतात.
वही काढून अबेनाला लिहिलं, आफरीन होम?
वर कसले हिज्जे केले देव जाणे.

उत्तर शब्दात नाही आलं.
फोटो आला.
पायपुसण्यावर दोन बूट,
करडे, टाचेला झिजलेले, एकाची नाडी सुटलेली,
खाली पाण्याचं छोटं तळं.

चार्जिंग संपलं होतं, एवढंच.

हे बूट मी कधी बघितलेच नव्हते.
एवढे चाललो त्यांच्याबरोबर,
आणि वाटायचं काळे असतील.

चरवीवाला विचारत होता, अर्धा की पाव?
म्हटलं, थांब जरा.
डावा बूट जास्त झिजलाय,
पोरगी दप्तर एकाच खांद्याला अडकवते अजून,
हे तिला सांगायचं राहिलंय.