विचारलंस म्हणून सांगते

चावी दोनदा फिरव, टूवा, दार जरा हट्टी आहे.
आणि उप्सालात करायचं काय, म्हणालीस ना?
दर ऑगस्टला या पायरीवर कुणीतरी हेच विचारतं,
दर खेपेला माझं उत्तर थोडं लांबतं.

सायकल घे. जुनीच घे, नवी इथे टिकत नाही.
कुलूप मात्र सायकलीपेक्षा महाग असू दे.
सप्टेंबरात एका शनिवारी गाव मध्यरात्रीपर्यंत उघडं असतं,
चर्चमध्ये जॅझ, चौकात नाच,
सॉसेजच्या गाडीपुढे प्राध्यापकसुद्धा रांगेत.
नोव्हेंबरचं काही सांगत नाही. तो काढायचा असतो.
डिसेंबरच्या तेराव्या पहाटे
डोक्यावर मेणबत्त्या घेऊन मुली गात येतील.
त्यांत तू असलीस आणि केसांत मेण सांडलं
तर कोमट तेल लाव, कात्री नको.

आता एप्रिल. तीस तारीख.
सकाळी फ्युरिस नदीत तराफे सुटतात,
थर्माकोलचे, रंगवलेले. एका वर्षी गाय होती,
एका वर्षी अख्खा पियानो, वाजवणाऱ्यासकट.
पोरं महिनाभर खपतात
आणि बंधाऱ्यावर अर्ध्या मिनिटात होत्याचं नव्हतं.
टॉर्स्टेन नगरपालिकेत होता.
टाळ्या थांबल्या की त्याचं काम सुरू,
लांब आकडी घेऊन गुडघाभर पाण्यात.
म्हणायचा, याच दिवसांत मासे अंडी घालायला वर चढतात,
बंधारा त्यांनाही तोच,
त्यांच्यासाठी काठावर कोण उभं राहतं?
घरी यायचा तेव्हा मिशीत पांढरे दाणे.
मी ते जूनपर्यंत झाडत असे.

त्याच दुपारी तीनला ग्रंथालयापुढे जा.
वर सज्जातून एक टोपी हलते
आणि खाली हजारो पांढऱ्या टोप्या एकदम डोक्यांवर चढतात.
त्या इमारतीत मी एकतीस वर्षं लोकांचे कोट सांभाळले.
मला टोपी नाही. माझी शाळा सोळाव्या वर्षी सुटली.
सत्याऐंशी साली एक टोपी खुंटीवर राहिली.
नियमाप्रमाणे वर्षभर ठेवली, मग घरी आणली.
तुझ्याच कपाटात आहे, वरच्या फळीवर, पिवळी पडलेली.
कधी घातली का, ते विचारू नकोस.
(एकदा. न्हाणीघरात. कडी लावून.)

राहिलं काय? हं, दहाचं.
रोज रात्री दहाला त्या उंच इमारतींच्या खिडक्या उघडतात
आणि पोरं ओरडतात.
शब्द नाही, सूर नाही, नुसतं ओरडणं.
परीक्षा जवळ आली की लांबतं.
पोलिसांना फोन करू नकोस, तो पाहुणे करतात.
आमच्याकडे ते घड्याळच होतं.
टॉर्स्टेन पेपर घडी घालायचा: चल, पोरं ओरडली, झोपू.

गेल्या फेब्रुवारीत इस्पितळातून मी एकटी परत आले.
दोन कप होते, ते विसळले.
त्याचा चष्मा पुसला. कशाला, देव जाणे.
मग दहा वाजले.
स्वयंपाकघराची खिडकी उघडली, बर्फ ओट्यावर आला,
आणि मी, एकाहत्तर वर्षांची, पायांत त्याचे लोकरी मोजे,
ओरडले.

समोरून पाचव्या मजल्यानं उत्तर दिलं.
मग सगळ्यात वरच्यानं.
मग मागच्या इमारतीतून कुणीतरी, उशिरा, एकट्यानंच.
वाटलं असेल त्यांना,
बाईला सांख्यिकीचा पेपर अवघड गेला.

वाटू दे.

तुझी खोली त्याच बाजूला आहे.
खिडकीची कडी आधी वर, मग आत ओढायची.
थंडीत ती चिकटते, मूठ मारलीस तरी चालेल.
आणि भाडं पंचवीस तारखेला, रोख नको.