बारा फूट

भिंतीवर तैलरंगात: खोली १२ फूट.
दोनचं शेपूट ओघळलेलं,
रंगवणाऱ्याला घाई असावी.

कर्वेनगरचा तलाव. पुरुषांची बॅच नुकतीच सुटली,
बायकांची सुरू व्हायला चाळीस मिनिटं.
तेवढ्यात मला मोजायचंय.
रिसबूड सेक्रेटरी म्हणाले,
"फळी आणूनच ठेवलीय, मॅडम,
तुमची फक्त सही."
फळी कपड्यांच्या खोलीला टेकून उभी,
अजून प्लॅस्टिकमध्ये,
शाळेच्या पहिल्या दिवशी दाराशी उभ्या केलेल्या पोरासारखी.

टेपचं दुसरं टोक धरायला उस्मान तांबोळी.
बावीस वर्षं इथेच. क्लोरिननं पापण्या विरळ झालेल्या.
"जरा इकडे बघा" म्हटलं
की अख्खा वळतो, खांद्यापासून टाचेपर्यंत.
मान वळत नाही.

फळीचं टोक जिथे येईल
तिथे बांबू आडवा टाकून ओळंबा सोडला.
पितळी आहे, आबांचा.
गवंडी होते, मुळशीकडे विहिरी बांधायचे.
दोरीला त्यांनीच मारलेल्या गाठी, हाताहातावर.
मी गाठींवर विसंबत नाही, टेप लावते,
तरी बोटं आपली मोजत राहतात:
एक, दोन,
तीन.

पाण्याचं एक असतं.
ते तळ आहे त्याहून जवळ दाखवतं,
भित्र्या मावशीसारखं,
जपून हं, जपून.
रंगातला आकडा उलटा. तो आहे त्याहून खोल.
बारा फूट होते कधीतरी, काठापासून.
पाणी काठाच्या फूटभर खाली ठेवतात.
मग गळती लागली म्हणून तळावर काँक्रीट,
काँक्रीटवर निळ्या टाइल्स: गेली आणखी एक वीत.
भिंतीवरचं कुणी खरवडलं नाही.

तीन मीटर बारा.
हवेत साडेतीन.
शिवाय माणूस काही ओळंब्यासारखा सरळ जात नाही.
तो पुढे जातो, हात जोडलेले, डोळे बहुधा मिटलेले,
आणि पुढे, चार पावलांवर,
तळ चढायला लागतो
उथळ बाजूच्या बच्चेकंपनीकडे.

"अडतीस सेंटिमीटर?" रिसबूड हसले.
"म्हणजे दोन विती!
अहो, आम्ही पाठीला डबा बांधून
विहिरीत मुटके मारत शिकलो.
विहीर मोजली होती का कुणी?"

"बांधणाऱ्यानं," मी म्हटलं.
ते त्यांना ऐकू गेलं नाही,
किंवा गेलं.

उस्माननं टेप गुंडाळून बादलीत ठेवला.
मग उजव्या हाताची वीत पसरली,
टाळूपासून हनुवटीपर्यंत धरली.
दुसरी हनुवटीच्या खाली,
गळ्यावरून छातीच्या हाडापर्यंत.
दोन विती.
रिसबूडांकडे तसाच बघत राहिला,
अख्खा वळून.

तलावात फिल्टरचा तेवढा आवाज.

मी विचारलं नाही, कुठे, कधी, किती पाण्यात.
वहीत ३.१२ लिहिलं,
खाली एक रेघ,
रेघेखाली सही. पण त्यांना हवी होती त्या कागदावर नाही.
रिसबूडांनी पाठवणीचा चहासुद्धा विचारला नाही.
ओल्या दोरीचा वास दिवसभर
बोटांना राहिला.

पुढच्या मे महिन्यात भाचीला सोडायला गेले.
भिंतीवर आता १० फूट,
उस्मानच्या हातचं,
शून्य सावकाश काढलेलं.
आणि सावलीत, विटांच्या दोन ओट्यांवर
आडवी टाकलेली फळी.
तिच्यावर पाच आया, मांडीवर टॉवेल, खारे दाणे,
मुलांचे चष्मे.
कुणाचं तरी नाव पुकारलं, तशी एक ताडकन उठली
आणि बाकीच्या चौघी
किंचित उचलल्या गेल्या, परत खाली आल्या,
बोलणं न थांबवता.