चार सेकंद

फॅरो बेटांवरच्या त्या माहितीपटात
ब्रान्दुर चार सेकंद दिसतो.
पिवळे गमबूट, वय वर्षं नऊ,
गुडघाभर लाल पाणी.
मागं देवमासे, बाबा, अर्धं गाव.

आता तो सोळाचा. मेंढीचे व्हिडिओ टाकतो:
एकच म्हातारी मेंढी,
धुक्यातून खोकत येते नि
आमच्या छपरावरचं गवत खाते.
त्याखाली कुठल्या कुठल्या भाषांत
लोक लिहितात, खुनी.
कुणी नुसतीच सुरी ठेवून जातं.

गावातली पोरं उलट शिव्या घालतात,
म्हणतात, तूही घाल की, आपल्यातला ना तू?
तो घालत नाही.

मी त्याची बहीण. त्या दिवशी काठावर होते.
कॅमेरा वळल्यावर तो भडाभडा ओकला,
बूट काढून दगडांवर बसून राहिला,
आणि संध्याकाळी वाटणीचं मांस घरी आलं तेव्हा
दोनदा मागून जेवला.
हे कुठल्या बाजूला टाकायचं?

काल विचारलं, खरं सांग, तुला काय वाटतं?
म्हणाला, ठरवतच होतो गं.
तेवढ्यात सगळे आले.

बाहेर मेंढी खोकली.
त्याचा हात, सवयीनं,
खिशाकडे गेला.